'बंद कर की गोळी' असं मी म्हणालो होतो

दिनकर,

तुझी कोलेस्टेरॉलची गोळी मी बंद करायला लावली. डॉक्टरांनी नाही, सुनंदा वहिनींनी नाही, तू स्वतःहूनही नाही. मी. गणपती बसायच्या आधीच्या आठवड्यात, संध्याकाळचं दूध संकलन आटोपल्यावर, कॅन धुवायच्या नळापाशी उभं राहून मी म्हणालो, "रिपोर्ट नॉर्मल आलाय न्हवं? मग बंद कर की गोळी." तू पाइपाचं पाणी बंद केलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "सचिवसाहेबांचा ठराव हाय म्हणायचा." आपण दोघेही हसलो. ठराव तेवढ्यावरच मंजूर झाला.

तू गेलास त्याला आज एकवीस दिवस झाले. हे लिहून काढायचं कारण एवढंच की आपलं बोलणं नेहमी काम करता करता झालं. तू दुधाचे नमुने तपासत असायचास, मी वहीत मान घालून. समोरासमोर बसून, काही हातात न घेता, आपण सव्वीस वर्षांत कधी बोललो नाही. आज मी तसा बसलोय. तू नाहीस.

तुझी आठवण आली की मला आधी तुझे शर्ट दिसतात. मशीन यायच्या आधी आपल्याकडे दुधात ॲसिड घालून फॅटचा आकडा काढायचे, तेव्हाचे. प्रत्येक शर्टाला पोटावर बारीक भोकं. वहिनी म्हणायच्या, "ह्यांना कापड घेण्यापरास चाळण घ्यावी." रांगेतला एखादा गडी किटली पुढे सरकवत ओरडायचा, "दिनकरदा, काल सात लागलीवती, आज सहाच कशी?" तू मान वर न करता म्हणायचास, "म्हशीला इचार जा. मी काय तिच्या पोटात बसलोय?" आणि रांग हसायची. तुझ्या आकड्यावर कुणी शंका घेतली तरी ती तेवढ्यापुरतीच असायची. गावात दोन गट, चार भाऊबंदक्या, पण फॅट तुझ्या हातची हवी, यावर सगळ्यांचं एकमत.

त्याचं कारण मला माहीत आहे, कारण त्याची झळ मलाच बसली होती. एका उन्हाळ्यात माझ्याच घरचं दूध पातळ लागलं. माझ्या धाकट्या भावानं त्यात पाणी घातलं होतं. मी दूध संस्थेचा सचिव, तू माझा मित्र, रांगेत पंधरा माणसं. तू नमुना दोनदा तपासलास आणि जो आकडा आला तो मोठ्यानं वाचलास. मी महिनाभर तुझ्याशी बोललो नाही. महिन्यानं तूच माझ्यासमोर चहाचा कप ठेवलास आणि म्हणालास, "इलास, आकडा माझ्या हातात न्हाय. दुधात हाय." त्याबद्दल मी तुझे आभार मानायला हवे होते. मी चहा पिऊन वही उघडली.

ज्यानं कधी आकड्याशी खेळ केला नाही, त्याच्याच आकड्याचा मी सोयीचा अर्थ लावला.

गेल्या वर्षी थंडीच्या शेवटी तुझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात, पापणीवर, पिवळसर चट्टे दिसायला लागले. तू म्हणायचास, "साय उडून बसलीया." वहिनींना ते पटलं नाही. त्यांनी माझ्या मागं लकडा लावला, "भावजी, तुम्ही सांगितल्याबिगर हे हलायचे न्हाईत." मग मी तुला गाडीवर मागं बसवून शहरात नेलं. डॉक्टरांनी चट्टे बघितले, हाताचे सांधे बघितले, टाचेच्या मागची शीर चिमटीत धरून बघितली आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टमध्ये वाईट कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठेचाळीस. जो आकडा मर्यादेबाहेर असतो तो लॅबवाले ठळक अक्षरात छापतात. तुझ्या कागदावर तीन ओळी ठळक होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, "वडील आहेत?"

तू म्हणालास, "न्हाईत. बेचाळिसाव्या वर्षी गेले. उसाला पाणी पाजताना छातीत कळ आली."

"चुलते?"

"त्येबी तसंच."

तुझ्या अंगावर मांस नव्हतं. पँटला पट्टा लावूनही ती खाली यायची. डॉक्टरांनी तुझ्याकडे एकदा बघितलं आणि जे सांगितलं ते मी आजही शब्दाला शब्द सांगू शकतो. "हे खाण्यानं झालेलं नाही. हे रक्तातून, घराण्यातून आलेलं आहे. तुमचं लिव्हर हे कोलेस्टेरॉल रक्तातून उचलून घेतच नाही. जेवणात सांभाळा, चाला, पण नुसत्या पथ्यानं हे भागणार नाही. गोळी लागेल, आणि ती कायमची. तुमच्या सख्ख्यांनाही तपासून घ्या. बहीण, मुलगी, सगळे."

त्या खोलीत आपण तिघेच होतो. डॉक्टर, तू आणि मी.

परत येताना कळंब्याच्या तळ्यावर तू गाडी थांबवायला लावलीस. कट्ट्यावर बसलास. म्हणालास, "एक काम कर. घराण्याचं घरात बोलू नगंस."

"का?"

"आशीचं लगीन जमतंय. जयसिंगपूरचं पावणं येऊन बघून गेल्यात. पोरीच्या घराण्यात काळजाचा रोग हाय असं कुणी त्यांच्या कानात घातलं, तर?"

मला तुझं बरोबर वाटलं. दोन मुलींचा बाप म्हणून मला ते फारच बरोबर वाटलं. घरी गेल्यावर तू वहिनींना सांगितलंस, "काय न्हाय, तेल-तूप कमी करायला सांगितलंय. आणि ही एक गोळी रातच्याला." मी शेजारी उभा राहून मान हलवली. त्या मान हलवण्याची किंमत कुणाला मोजावी लागेल ते तेव्हा मला कळलं नाही.

वहिनींनी मात्र ते मनावर घेतलं. तेलाची बरणी फळीवरून खाली आली आणि तिच्यात चमचा आला. रविवारचा तांबडा रस्सा बिनतर्रीचा होऊ लागला. तू मला सांगायचास, "रस्सा कसला, लाल पाणी हाय. म्हशीनं असलं दूध दिलं तर आपुन परत पाठवू." ऑगस्टमधल्या सभेच्या जेवणात तू दोन वाट्या तांबडा आणि तीन वाट्या पांढरा ओरपलास आणि मला बजावलंस, "घरात कळलं तर तुजी सचिवकी काढून घेईन." रात्री जेवण झालं की वहिनी तळहातावर गोळी आणि तांब्यात पाणी घेऊन उभ्या राहायच्या. तू गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. अश्विनीचं, तुझ्या आशीचं, लग्न मे महिन्यात झालं. तेव्हा तू गोळी घेत होतास. मांडवात तू सगळ्यांत जास्त धावपळ केलीस.

सभेनंतर दुसरा रिपोर्ट आला. एकही ओळ ठळक नाही. तू तो कागद संस्थेत घेऊन आलास आणि माझ्या वहीवर ठेवलास. "बघ. आता मी गाईचं दूध. फॅट कमी."

त्याच सुमाराला तुझे पाय दुखायला लागले होते. मांड्या, पोटऱ्या. पहाटे उठून चालत येताना तू मध्ये दोनदा थांबायचास. तू म्हणालास, "गोळीनं असंल काय? मेडिकलवाला म्हणत हुता, काहींना हुतंय." त्या वेळेला माझ्याकडे माणूस नव्हता. तुझ्या हाताखालचा गडी इचलकरंजीला यंत्रमागावर निघून गेला होता. गणपती, मग दसरा, मग दिवाळी, दुधाची आवक वाढलेली. सकाळच्या पाळीला तू आला नाहीस तर रांगेत भांडणं लागायची आणि ती माझ्या टेबलावर यायची. मला तुझे पाय बरे हवे होते, पण ते तुझ्यासाठी की संस्थेसाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही.

आता विचारलंय. संस्थेसाठी.

आपली चूक कशी झाली त्यावर मी खूप विचार केला. आपण दोघांनी आयुष्यभर एकच काम केलं. सकाळचा नमुना सकाळपुरता. सात लागली, सात लिहिली, विषय संपला. संध्याकाळी नवं दूध, नवा नमुना. आकडा चांगला लागला की दूध चांगलं. आपण तुझं रक्तही तसंच बघितलं. आकडा लागला, म्हणजे रक्त चांगलं झालं. तो आकडा गोळीनं खाली दाबून धरलेला होता, आणि हात काढला की तो पुन्हा वर येणार होता, हे डॉक्टरांनी 'कायमची' या एका शब्दात सांगितलं होतं. तो शब्द मी ऐकला होता. मला नीट आठवतही होता. नळापाशी उभा राहून मी तो बाजूला ठेवला.

वरून मीच म्हणालो, "वहिनींना सांगू नगंस. उगंच कटकट हुईल." मग रोज रात्री तू गोळी तोंडात धरायचास, पाणी प्यायचास, मागच्या परड्यात जाऊन थुंकायचास. हे तू मला हसत सांगायचास, शाळेतल्या पोरानं मास्तरला फसवल्यासारखं. पाय खरंच दुखायचे थांबले. आपल्याला वाटलं, आपण जिंकलो.

एकदा मात्र तू विचारलंस. दिवाळीनंतर. नमुन्याच्या बाटल्या पुसत होतास. "इलास, परत एकदा रक्त तपासू काय?"

मी म्हणालो, "नवीन मशीन बसू दे. मग जाऊ."

तू म्हणालास, "बरं."

मशीन बसलं. तुला ते आवडलं नाही. "ह्याला वास येत न्हाय, चव कळत न्हाय, नुसता आकडा वकतंय," असं तू म्हणायचास. ते चालवायला शिकायला तुला दोन दिवस पुरले. मी तुला शहरात नेलं नाही. तूही परत विचारलं नाहीस. तुझ्या त्या 'बरं'मध्ये काय होतं, विश्वास होता की कंटाळा, हे मला तुला विचारायचं होतं. ते राहिलं.

तुझ्या शेवटच्या सकाळबद्दल मी फार लिहिणार नाही. आदल्या दिवशी तू जबडा चोळत होतास आणि म्हणालास, "पित्त झालंय." मी तुला सोडा आणून दिला. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून तू घरी गेलास, आंघोळीला पाणी काढलंस आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसलास तो उठला नाहीस. मी येईपर्यंत सगळं झालं होतं. त्या संध्याकाळीही संकलन झालं. म्हशी सांगून थांबत नाहीत. नव्या गड्यानं फॅट काढली आणि रांगेतल्या एकानंही आकड्यावर वाद घातला नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तू नाहीस.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. नदीवरून परत आल्यावर बायका पुढच्या सोप्यात बसल्या होत्या, आम्ही बाहेर पायरीवर. तुझी आक्का भिंतीला टेकून रडत होती आणि रडता रडता बोलत होती. तुला तिची जीभ माहीत आहे. "काटकुळा माजा भाऊ. त्याला काय झालंतं? आयतवार आला की ह्या घरात मटण. तेलाची तर्री अशी बोटभर. डाक्टरनं सांगूनबी हिचा हात आखडला न्हाय. खायला घालून घालून मारला माज्या भावाला."

मला वाटलं वहिनी काहीतरी बोलतील. ती चमच्यानं मोजलेली तेलाची बरणी दाखवतील. त्या म्हणाल्या, "व्हय आक्का. मीच घालत हुते."

मी पायरीवर होतो. मधे फक्त एक चौकट होती. मी उठलो, आत गेलो, वहिनींसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "काय लागलं तर सांगा." आणि बाहेर आलो. असं मी त्या दिवसांत तीनदा केलं. एकदा तर गाडीवरून उतरून दारापर्यंत गेलो आणि दूध संकलनाची वेळ झाली म्हणून परत फिरलो. वेळ झालेली नव्हती.

बाराव्याला अश्विनी मला गोठ्याजवळ भेटली. म्हणाली, "काका, आई सगळं बिनतेलाचं करतीया. आम्हाला वेगळं करून घालती आणि ती उकडलेलं खाती. इचारलं तर म्हणती, आता कुणाला मारायचं हाय?" मग डोळे पुसून ती म्हणाली, "मी बी तिकडं सासऱ्यांचं तेल बंद करायला लावलंय. बाबांचं बघून भ्या वाटतंय."

मी तिच्याकडे बघत होतो. तुझ्यासारखीच काटकुळी. तुझ्यासारखंच नाक. सासऱ्याचं तेल बंद करून ती निश्चिंत झाली होती. स्वतःचं रक्त तपासायचं तिच्या मनातही नव्हतं, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आक्काही तुझ्याच बापाची. सगळ्यांनी मिळून दोष वहिनींच्या चुलीत घातला होता आणि तो तिथं असेपर्यंत आक्का काय आणि अश्विनी काय, कुणीही डॉक्टरांची पायरी चढणार नव्हतं. माझं गप्प बसणं एवढे दिवस फक्त मला वाचवत होतं. आता ते या दोघींच्या जिवाशी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच तुझ्या डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पाय दुखत होते तर मला सांगायचं होतं. एक रक्ततपासणी केली असती. डोस कमी केला असता, गोळी बदलली असती. दुसरी औषधं आहेत. बंद करायची गरज नव्हती."

मी विचारलं, "गोळी चालू असती तर तो वाचला असता?"

ते म्हणाले, "तसं मी सांगू शकत नाही. त्यांच्या रक्तवाहिन्यांत पन्नास वर्षांचं साठलेलं होतं. धोका कमी झाला असता, एवढं नक्की. किती कमी, ते एका माणसाबाबत कुणालाच सांगता येत नाही." मग म्हणाले, "बहिणीला आणि मुलीला पाठवा. उशीर करू नका. मुलगी तरुण आहे, तिचं वेळेवर कळलं तर फार काही करता येतं."

या उत्तरानं मला शिक्षा दिली नाही आणि सुटकाही दिली नाही. तू असतास तर म्हणाला असतास, नमुना सांडला, आता फॅट किती होती कुणाला ठाऊक. मी गाडी चालू केली आणि सरळ तुझ्या घरी गेलो.

तुला एक सांगायचंय. तुझं गुपित मी फोडलं. तू तळ्यावर घेतलेलं वचन मी मोडलं आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पोरीचं लग्न व्हावं म्हणून तू ते झाकलंस, ती आता जगावी म्हणून मी ते उघडं केलं. यावर तू माझ्याशी भांडला असतास. महिनाभर अबोला धरला असतास. धर.

तेव्हा दुपार होती. वहिनी सोप्यात ज्वारी निवडत होत्या. आक्का खाटेवर, अश्विनी जयसिंगपूरला परत जायची म्हणून पिशवी भरत होती. वहिनींनी पाट पुढे सरकवला, "बसा भावजी, च्या ठेवते." मी म्हणालो, चहा नको, आणि पाटावरही बसलो नाही. आधी अश्विनीला आणि आक्काला डॉक्टरांनी बोलावलंय ते सांगितलं, का बोलावलंय तेही. आक्का म्हणाली, "मला काय धाड भरलीया? आमच्या घराण्यात असलं काय न्हाय." मी म्हणालो, "तुमचे वडील, आक्का. तुमचे चुलते." तिनं पदर तोंडाला लावला आणि वहिनींकडे बघायचं टाळलं. अश्विनीचं रक्त दुसऱ्याच दिवशी दिलं, आक्काचं परवा. आक्काचा रिपोर्ट अजून यायचा आहे. अश्विनीचा आला. त्यात ठळक ओळी आहेत. तिची गोळी चालू झाली आहे आणि रात्री आठवण करायला तिचा नवरा मोबाइलला गजर लावतो. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

वहिनींनी माझं ऐकून घेतल्यावर काय केलं, काय म्हणाल्या, ते मी इथं लिहिणार नाही. ते त्यांचं आहे. मी त्यांना माफ करा म्हणालो तेव्हा उत्तराची अट घातली नव्हती. मी काय बोललो ते मात्र तुला ठाऊक असायला हवं, कारण तुझ्या माघारी तुझ्याबद्दल मी पहिल्यांदाच खरं बोललो. आक्काच्या आणि अश्विनीच्या देखत, वहिनींसमोर जमिनीवर बसून, मी म्हणालो:

"वहिनी, दिनकर तुमच्या सैपाकानं गेला न्हाय. रोग त्याच्या बापाकडनं आलता, आणि हे मला वर्षापास्नं ठाऊक हुतं. गोळी त्यानं माझ्या सांगण्यावरनं सोडली. मला सकाळच्या पाळीला माणूस पायजे हुता म्हणून मी सांगितलं. तुम्हाला सांगू नगंस, हेबी मीच म्हणालो. तुम्ही इतके दिवस सगळ्यांचं ऐकून घेतलासा आणि मी दारात बसून ऐकत राहिलो. माझं चुकलं, वहिनी. मला माफ करा."